खंड्या माझ्याच वयाचा का?

गेल्या महिन्यात या सदरात मी गाईच्या कासदाहाबद्दल लिहिलं आणि पत्रं आली ती कुत्र्यांची. त्यातही बहुतेकांचा प्रश्न एकच, शब्द तेवढे वेगळे : आमचं कुत्रं म्हातारं झालं का, आणि झालं असेल तर किती? रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात मिळून ३१ वर्षं मी सरकारी दवाखान्यांत पशुधन विकास अधिकारी म्हणून काढली. दिवसभर गाई, बैल, शेळ्या बघायच्या. पण संध्याकाळी घरी येऊन, चपला अंगणात काढून, "जरा बघता का" म्हणणारे बहुतेक जण कुत्र्यासाठीच आलेले असायचे. म्हणून आजचं सगळं पान त्यांना दिलं आहे.

प्रश्न : डॉक्टर, सा. न. वि. वि. आमचा खंड्या गावठी, तांबडा, सुपारीच्या काट्यावर उचलून ठेवला तेव्हा सोळा किलो भरला. येत्या शिमग्याला त्याला नऊ वर्षं होतील. गणपतीत नातू आला होता, त्याने नऊ साती त्रेसष्ट करून सांगितलं, की आजी, खंड्या तुझ्याच वयाचा. मी खरोखरच त्रेसष्टची. तेव्हापासून मी त्याच्याकडे वेगळ्याच नजरेने बघते. मला अजून विहिरीवरून दोन कळशा आणता येतात, पण तो दिवाळीपासून ओटीच्या तीन पायऱ्या चढताना थांबतो. सकाळी उठला की मागचे पाय आखडलेले असतात, ऊन वर आलं की बरा चालतो. शेजारी म्हणतात, वय झालं. सातचा हिशोब खरा का? आणि वय झालं म्हणजे आता काही करायचंच नाही का? — एक वाचक भगिनी, गुहागर

उत्तर : ताई, नातवाचा पाढा बरोबर आहे, हिशोब मात्र चुकला. माणसाचं आयुष्य सत्तर वर्षं धरलं आणि कुत्र्याचं दहा, की भागाकार सात येतो. तो खरा मानला तर वर्षाचं कुत्रं सात वर्षांच्या पोरासारखं असायला हवं. तुमच्या वाडीतच बघा. गावठी कुत्री सात-आठ महिन्यांची झाली की माजावर येते आणि वर्ष-सव्वा वर्षात पिलांना पाजत असते. दुसरीत जाणाऱ्या मुलीशी तिची बरोबरी कशी होणार?

कुत्र्याचं वय माडासारखं वाढतं, असं मी लोकांना सांगतो. झावळ गळली की माडाच्या खोडावर तिचा वण राहतो. तुमच्या आवारातला एखादा जुना माड नीट न्याहाळा. बुंध्याच्या जरा वर हे वण लांब लांब दिसतील, कारण त्या वयात माड झपाट्याने उंच होत होता. वर जाल तसे ते जवळ जवळ येत जातात. वर्षाला डझनभर झावळ्या तेव्हाही येत होत्या, आताही येतात, पण त्या एका वर्षात माड चढतो किती, ते बदललं. कुत्र्याचं पहिलं वर्ष असं खालच्या लांब टप्प्याचं असतं. त्या एका वर्षात ते बाळपण, शाळा आणि मिसरूड फुटणं सगळं उरकून घेतं.

पशुवैद्य लोक जो ढोबळ अंदाज वापरतात तो असा : मध्यम आकाराच्या कुत्र्याचं पहिलं वर्ष माणसाच्या १५ वर्षांएवढं, दुसरं आणखी ९ वर्षांएवढं, आणि पुढचं प्रत्येक वर्ष साधारण ४ ते ५. खंड्याची पहिली दोन वर्षं मिळून २४ झाली. उरलेल्या सात वर्षांचे २८ ते ३५. म्हणजे तो ५२ ते ५९ च्या मध्ये कुठेतरी आहे, तुमच्यापेक्षा धाकटा.

आता दुसरा हिशोब सांगतो, नातवाला आवडेल. २०२० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी १०४ लॅब्रॅडॉर कुत्र्यांचा डीएनए तपासला. काही पिलं जेमतेम महिन्याची, काही कुत्री सोळा वर्षांची. वय वाढतं तशा डीएनएवर मिथाइल नावाच्या बारीक रासायनिक खुणा ठरावीक जागी बसत जातात किंवा पुसल्या जातात. माणसातही तसंच होतं. दोघांच्या खुणा शेजारी शेजारी ठेवून त्यांनी सूत्र काढलं : कुत्र्याच्या वयाचा नैसर्गिक लॉगरिदम घ्यायचा, त्याला १६ ने गुणायचं आणि ३१ मिळवायचे. कॅल्क्युलेटरवर 'एलएन' लिहिलेलं बटण असतं, ते वापरायचं. या सूत्राने एक वर्षाचं कुत्रं ३१ वर्षांच्या माणसाएवढं येतं, चार वर्षांचं ५३ आणि बारा वर्षांचं ७० च्या आसपास. सुरुवातीला धावत सुटणारं आणि पुढे मंदावणारं वय. माडाचीच चाल.

खंड्याचं वय या सूत्रात घातलं तर ६६ येतं, म्हणजे तो तुमचा थोरला भाऊ झाला! पण ते सूत्र लॅब्रॅडॉरवरून काढलेलं आहे, आणि सोळा किलोच्या गावठी कुत्र्याला ते जसंच्या तसं लागू होईल असं मी मानत नाही. पहिला अंदाज मला त्याच्यासाठी जास्त जवळचा वाटतो. तरीही ताई, बावन्न म्हणा की सहासष्ट, त्यावरून पायरीचा प्रश्न सुटत नाही, आणि तुमच्या पत्रातलं मला अस्वस्थ करणारं वाक्य तेच आहे. "शेजारी म्हणतात, वय झालं."

हे वाक्य मीही बोललेलो आहे. आमच्या घरी काळू होता. अकराव्या वर्षी तो भाकरी हळू खायला लागला. तुकडा तोंडात घेऊन खाली टाकायचा, मान एका बाजूला वाकडी करून पुन्हा उचलायचा. घरातून मला विचारलं, तेव्हा मी ताटावरून न उठता म्हणालो, वय झालंय त्याचं. तीन आठवडे असे गेले. मग एका सकाळी त्याच्या डाव्या डोळ्याखाली सुपारीएवढी सूज दिसली आणि मी त्याचं तोंड उघडून पाहिलं. वरची मोठी दाढ उभी चिरली होती, मुळाशी पू होता. माझ्याहून तरुण अशा एका सहकाऱ्याने भूल देऊन ती काढली. आठ दिवसांत काळू भाकरी मागायला चुलीपाशी येऊन बसला, आणि पुढे तीन वर्षं जगला. ते तीन आठवडे मात्र तो दाढेतला ठणका घेऊन रोज रात्री माझ्या खाटेखाली झोपत होता. दिवसाला पाच-सहा जनावरांची तोंडं उघडून बघणारा मी, त्याचं बघितलं नाही. म्हणून "वय झालं" हे निदान म्हणून कोणी ऐकवलं की मला गप्प बसवत नाही.

खंड्याबद्दल तुम्ही लिहिलेलं, सकाळी आखडणं आणि हालचाल झाली की मोकळं होणं, हे सांध्यांच्या झिजेचं लक्षण आहे. माणसाची संधिवाताची दुखणीही सकाळीच जास्त बोलतात. झीज परत भरून येत नाही, पण दुखणं कमी करता येतं आणि त्याने कुत्र्याचं चालणं खूप सुधारतं. कुत्र्यांसाठीची सांधेदुखीची औषधं मिळतात. ती रक्त तपासून, मूत्रपिंड आणि यकृत ठीक आहे ना हे बघून, पशुवैद्याने सांगितलेल्या मापातच द्यायची. आपल्या डब्यातली अंगदुखीची गोळी अर्धी करून देऊ नका. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक थोडीशी दिली तरी कुत्र्याच्या जठराला जखमा होतात, मूत्रपिंड बंद पडू शकतं. पॅरासिटामॉलही आपल्या हाताने देऊ नये. प्रेमापोटी दिलेल्या गोळ्यांनी रक्ताची उलटी करणारी कुत्री मी पाहिली आहेत.

आणखी एक विचारतो. ओटीवर नवी फरशी घातली का हो? गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्याकडे शेणाने सारवलेल्या ओट्या गेल्या आणि गुळगुळीत टाइल्स आल्या. सारवलेल्या जमिनीत कुत्र्याची नखं रुततात, टाइलवर ती सटकतात. तरुण कुत्रं सावरून घेतं. म्हाताऱ्याचे मागचे पाय फाकतात, एकदोनदा असं पडलं की ते पायरीलाच घाबरायला लागतं. पायऱ्यांवर आणि त्याच्या रोजच्या वाटेवर गोणपाट किंवा काथ्याची पायपुसणी टाकून बघा, सरकणार नाहीत अशी. नखं वाढली असतील तर कापून घ्या. पावसाळ्यात पडवीतल्या ओल्या जमिनीवर झोपू देऊ नका, एक जुनी फळी आणि तिच्यावर गोधडी पुरते. आणि चालणं बंद करू नका. रोज थोडं, सकाळ-संध्याकाळ, पाणंदीपर्यंत जाऊन परत.

एक मात्र आजच करा. त्याचा ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी असतील तर ठीक. पांढुरक्या किंवा पिवळट असतील तर हे सांध्यांचं नाही. आपल्याकडे पाऊस उतरल्यावर गवतात गोचिड्या होतात आणि त्यांच्यापासून गोचीड ताप येतो. कुत्रं मलूल होतं, उठवत नाही, खात नाही, आणि नऊ-दहा वर्षांचं असलं की घरचे म्हणतात, म्हातारपण. म्हातारपण असं आठ दिवसांत येत नाही. ज्या कुत्र्याने परवा माकडाच्या मागे धाव घेतली ते आज उठत नसेल, तर ते आजारी आहे. गोचीड ताप वेळेवर ओळखला तर औषधाने बरा होतो.

प्रश्न : आमचे पुतणे मुंबईला असतात. टाळेबंदीत त्यांनी लॅब्रॅडॉर घेतला, नंतर जागा पुरेना म्हणून गावी आणून सोडला. आता सहा वर्षांचा आहे, कलमांच्या बागेत राखणीला असतो. पण राखण कसली, दोन कलमं ओलांडली की बसतो. वजन ४३ किलो. आमचा आधीचा गावठी दहाव्या वर्षीसुद्धा दिवसभर वानरं हाकायचा. लॅब्रॅडॉर लवकर म्हातारे होतात का? — एक बागायतदार, देवगड

उत्तर : होय, मोठी कुत्री लवकर म्हातारी होतात. निसर्गात एरवी उलटं असतं, उंदरापेक्षा हत्ती कितीतरी जास्त जगतो. पण कुत्र्यांच्या आत बघितलं तर ग्रेट डेनसारखा थोराड कुत्रा आठ-दहा वर्षांत आटोपतो आणि मांडीवर मावणारी लहान कुत्री चौदा-पंधरा वर्षं सहज काढतात. २०१३ मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी ७४ जातींची माहिती एकत्र करून पाहिली. जातीच्या वजनात दर दोन किलोंना आयुष्य सुमारे एका महिन्याने कमी होताना दिसलं. मोठ्या जातींमध्ये म्हातारपण लवकर सुरू होतं असं नाही, ते सुरू झाल्यावर जास्त वेगाने पुढे जातं, असा त्यांचा निष्कर्ष होता. थोराड पिलू वर्ष-दीड वर्षात सत्तरपट-ऐंशीपट वाढतं, त्या घाईच्या वाढीची किंमत शरीर नंतर मोजतं असं अनेकांना वाटतं.

पण दादा, तुमच्या लॅब्रॅडॉरच्या बाबतीत मी वयाकडे बघतच नाही, मी ४३ या आकड्याकडे बघतो. या जातीचा नर साधारण तीस ते छत्तीस किलोचा असावा. तुमचा सात-आठ किलो जादा घेऊन चालतोय, म्हणजे पाठीवर आंब्याची अर्धी पेटी बांधून. सहाव्या वर्षी त्याने दोन कलमांवर बसावं यात नवल नाही.

याच जातीवर झालेला एक प्रयोग मी सगळ्यांना सांगतो. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिलांच्या, एकाच वेतातल्या, जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला जेवढं जेवण, त्याच्या तीन चतुर्थांश दुसऱ्याला, जन्मभर. २००२ मध्ये निकाल छापून आला. कमी खाणारी कुत्री मध्यमानाने १३ वर्षं जगली, भरपूर खाणारी ११.२ वर्षं. जवळजवळ पावणेदोन-दोन वर्षांचा फरक, आणि सांध्यांची दुखणीही त्यांना उशिरा लागली. कुठलंही औषध नाही, फक्त ताटातला चौथा हिस्सा काढला.

तुम्ही पत्रात जेवण लिहिलेलं नाही, पण मला अंदाज आहे. दोन वेळचा भात, त्यावर कालवणाचं उरलेलं, मासे असतील तर डोकी, आणि बागेतले गडी डबा सोडतील तेव्हा प्रत्येकाची अर्धी भाकरी. लॅब्रॅडॉर नाही म्हणत नाही. गड्यांना आधी सांगा. भात निम्म्यावर आणा, त्याच्या जागी उकडलेला लाल भोपळा किंवा दुधी घाला, म्हणजे पोट भरल्यासारखं वाटेल. मासा द्या, पण काटा काढून आणि बिनमिठाचा, खारं अजिबात नको. पंधरा दिवसांनी बरगड्यांवरून बोटं फिरवून बघा. न दाबता बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसल्या नाहीत तरी चालेल. महिन्याला एक-दीड किलोपेक्षा वेगाने उतरवू नका. वजन उतरूनही सुस्ती राहिली, अंगावरचे केस विरळ झाले, तर थायरॉइड तपासून घ्या. या जातीत ते मंदावलेलं आढळतं.

आणखी एक, दुपारचं ऊन. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग निववतं, आणि आपल्या दमट हवेत ती युक्ती नीट चालत नाही. जाड केसांच्या, जड कुत्र्याला मे महिन्यात कातळावरच्या बागेत अकरा ते चार ठेवू नका. मांगरात सावलीला बांधा, पाणी भरपूर ठेवा. आणि पुतण्यांना हे पत्र दाखवा, रागावण्यासाठी नव्हे. कुत्र्याला गावी सोडलं म्हणून त्याची जबाबदारी तुमच्या एकट्याची होत नाही. वर्षातून एकदाच्या रक्ततपासणीचा खर्च त्यांनी उचलावा.

प्रश्न : आमच्या राजाला चौदावं वर्ष चालू आहे. गेले चार महिने तो मध्यरात्री उठतो आणि भिंतीकडे तोंड करून भुंकतो. कधी कोपऱ्यात जाऊन उभा राहतो, मागे कसं यायचं तेच त्याला कळत नाही. माझी सासू म्हणते, कुत्र्याला दिसतं ते आपल्याला दिसत नाही, राखणदाराला नारळ ठेवा. ठेवला. फरक नाही. घरात कोणाला झोप नाही. — एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : तुम्ही ठेवलेल्या नारळाबद्दल मला काही म्हणायचं नाही, देवस्थानापाशी गाऱ्हाणं घालून मीही मोठा झालो. पण राजाला जे झालंय त्याचं नाव मला माहीत आहे. माणसाला म्हातारपणी स्मृतिभ्रंश होतो, तसाच कुत्र्यालाही होतो. मेंदूत साठणारं एक प्रथिनसुद्धा दोघांत सारखंच सापडतं. रात्र आणि दिवस यांची अदलाबदल होते, ओळखीच्या घरात वाट चुकते, दाराच्या बिजागरीच्या बाजूला जाऊन कुत्रं दार उघडायची वाट बघत उभं राहतं. कधी घरातल्या माणसाकडे परक्यासारखं बघतं. हे शेवटचं सगळ्यात लागतं, मला ठाऊक आहे.

चौदा वर्षांच्या गावठी कुत्र्याचं वय माणसाच्या हिशोबात पंच्याहत्तर-ऐंशीच्या घरात जातं. आपल्या घरातली त्या वयाची आजी रात्री उठून "घरी चला" म्हणायला लागली तर आपण तिला समजून घेतो, दिवा लावून जवळ बसतो. राजालाही तेच हवं आहे. त्याच्या झोपण्याच्या जागेजवळ रात्री एक मंद दिवा चालू ठेवा. घरातलं सामान हलवू नका. दिवसा त्याला जागं ठेवा, संध्याकाळी दोरी धरून वास घेत घेत हळू फिरवून आणा. हुंगणं हे त्याच्या मेंदूचं काम आहे, घाई करू नका. झोपण्याआधी लघवीला नेऊन आणा. आणि भुंकला म्हणून मारू नका, कोणालाही मारू देऊ नका. तो कशासाठी भुंकतोय हे त्यालाच कळत नाही.

मात्र आधी दोन-तीन गोष्टी तपासून घ्या, कारण त्यांनीही असंच होतं : कान गेले आहेत का, डोळे गेले आहेत का, मूत्रपिंड कमजोर झाल्याने रात्री तहान आणि लघवी वाढली आहे का, कुठे दुखतंय का. त्यावर बरंच करता येतं. स्मृतिभ्रंशासाठीही औषधं आहेत, ती आजार परतवत नाहीत, पण रात्री सुसह्य करतात.

आणि दादा, राजा रात्री अंगणात झोपत असेल तर आजपासून घरात घ्या. ऐकू न येणारं, वाट चुकणारं कुत्रं बिबट्याला सोपं सापडतं. आपल्या पट्ट्यात हे काही नवीन सांगायला नको.

प्रश्न : आमच्या कुत्र्याचे डोळे निळसर दिसायला लागले आहेत. वय आठ. मोतीबिंदू का? शेजारचे म्हणतात, "म्हातारो झालो तो, आता काय करतलास?" तोंडावर पांढरे केस पण आले आहेत. — मालवण

उत्तर : सात-आठ वर्षांनंतर भिंगाचा मधला भाग दाट होतो आणि डोळा धुरकट निळसर दिसतो. त्याने नजर फारशी जात नाही. मोतीबिंदूत डोळा दह्यासारखा पांढरा दिसतो आणि नजर जाते. घरच्या घरी एक करून बघा : संध्याकाळच्या उजेडात त्याच्यासमोर कापसाचा बोळा वरून सोडा. कापूस पडल्याचा आवाज येत नाही, त्यामुळे तो डोळ्यांनीच टिपावा लागतो. मान वळली, तर दिसतंय. दोन-तीनदा करूनही वळली नाही, तर डोळे दाखवा. डोळा लाल झाला, पाणी वाहू लागलं किंवा तो पंजाने चोळू लागला तर त्याच दिवशी दाखवा. पांढऱ्या केसांवरून वय ठरवू नका. काही कुत्र्यांचं तोंड तिसऱ्या-चौथ्या वर्षीच पिकतं.

प्रश्न : दहा वर्षांच्या कुत्रीची पाळी जाते का? ती अजून माजावर येते, मग तिचं वय झालेलं नाही ना? — दापोली

उत्तर : बाईसारखी रजोनिवृत्ती कुत्रीला नसते. माजातलं अंतर वाढत जातं, पण माज जन्मभर येत राहतो. त्यावरून ती तरुण आहे असं समजू नका. उलट ऑपरेशन न झालेल्या वयस्क कुत्रीच्या बाबतीत माज संपल्यानंतरचे एक ते दोन महिने डोळ्यांत तेल घालून काढा. ती भांडंभर पाणी पीत असेल, खात नसेल, मागून घाण वासाचा स्राव येत असेल किंवा पोट फुगलं असेल, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. कधी स्राव बाहेर येतच नाही, तो प्रकार जास्त वाईट. अशा वेळी एस.टी.ची वाट बघू नका, रिक्षा करा. वेळेवर गर्भाशय काढलं तर दहा-अकरा वर्षांची कुत्रीसुद्धा वाचते, मी वाचलेल्या पाहिल्या आहेत. आता ती धडधाकट आहे तोवरच ऑपरेशनबद्दल बोलून घेतलं तर उत्तम.

प्रश्न : डॉक्टर आजोबा, मी पाचवीत आहे. मला बंदरावर जाळ्यांच्या ढिगात एक पिलू सापडलं. तिचं नाव चिंगी ठेवलं. माझे आजोबा बैलाचे दात बघून वय सांगतात. चिंगीचं तसं सांगता येईल का? — हर्णै

उत्तर : बाळा, तुझ्या आजोबांना माझा नमस्कार सांग. बैलाला आदत, दुसा, चौसा म्हणतात ते दातांवरूनच. त्याचे दुधाचे दात दोन वर्षांच्या सुमारास बदलायला लागतात आणि सगळे व्हायला चार-साडेचार वर्षं जातात, म्हणून तेवढी वर्षं नीट मोजता येतात. कुत्र्याला मात्र फार घाई असते, त्याचं दातांचं घड्याळ सात महिन्यांतच संपतं.

पिलाला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दात यायला लागतात आणि दोन महिन्यांपर्यंत सगळे २८ दुधाचे दात येतात, सुईसारखे टोकदार. साडेतीन-चार महिन्यांनी पुढचे छोटे दात पडून नवे, रुंद दात दिसतात. पाच-सहा महिन्यांत सुळे बदलतात. सात महिन्यांची झाली की चिंगीच्या तोंडात पूर्ण ४२ दात असतील, तुझ्या बाबांपेक्षा दहा जास्त! त्यानंतर दातांवरून फक्त अंदाज करता येतो : किती झिजलेत, किती पिवळे पडलेत.

तर आजोबांना जवळ बसव, त्यांना चिंगीचा ओठ हळूच वर करायला सांग आणि पुढचे दात मोज. सगळे सुईसारखे असतील तर ती साडेतीन महिन्यांच्या आतली आहे. दोन रुंद दात दिसले तर चार महिन्यांच्या आसपासची. तीन महिन्यांची झाली की तिला रेबीजची लस द्यायची, ती तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचार. तोपर्यंत खेळताना तिचा दात लागला, नुसता ओरखडा आला तरी लपवून ठेवायचं नाही. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, आईला सांगायचं आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जायचं. दात मोजून झाले की मला पुन्हा लिही.